तुझ्या शरदाच्या वहीला मी तेल लावलं

चि. वच्छला हिला बाबाचा आशीर्वाद.

बघ, हात आपसूक 'चि.' लिहून गेला. चौथीपर्यंतच्या शाळेत पत्राचं एवढंच डोक्यात बसलं, पोरांना चि. अन् थोरांना ती. आता ते खोडायचं म्हटलं तर हात उठत नाही. राहू दे तसंच.

उद्या तुला जाऊन वर्ष होतं, पोरी. उद्या सकाळी आंघोळ करून तुझी आई पेटी उघडणार अन् तुझी चित्रांची वही बाहेर काढणार. वर्षभर तिने त्या वहीला हात लावलेला नाही. आणि मी त्या वहीचा सत्यानाश करून ठेवला आहे. तिला अजून माहीत नाही. ती कपाशी वेचायला गेली आहे, दिवे लागायच्या आत येईल, अन् आली की मला तिला सांगायचं आहे. पण वही तुझी. म्हणून आधी तुला सांगतो.

छपरीत बसून कामाच्या पेन्सिलीने लिहितो आहे. अक्षर जाड येतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाबा, हे पत्र व्हय का लाकडावरची निशानी?" म्हण काय म्हणायचं ते! एकदा म्हण तरी!

ते तुझे ड्रॉइंगमास्तर. त्यांनीच दिला तुला तो विषय, शरद ऋतू. बारा पानांची वही भरून आणा म्हणाले. नमुना म्हणून कुठल्याशा छापील पुस्तकातलं चित्र दाखवलं, लालभडक झाडं अन् खाली पानांचा सडा. तू घरी आलीस ती तणतणतच. "बाबा, आपल्या इकडं पानं फागनात गळतात. आश्विनात कायचे गळतात? मास्तरले काही समजते का?" मी म्हटलं, मास्तर आहेत ते, त्यांना कसं समजणार नाही? तर तू माझ्यावरच उलटलीस. आणि मग तुला हवा तो शरद काढायला बसलीस. काळ्या रानाला पडायला लागलेल्या भेगा. किड्यांनी जाळी केलेलं सागाचं पान. पहिलं बोंड फुटलेली कपाशी. मूर्तिजापूरच्या छोट्या आगगाडीचा धूर, खाली तुरीचं पिवळं शेत. कुणाच्या नमुन्यातलं एकही पान तू घेतलं नाहीस. माझ्यासारखीच हेकट! मला तेव्हा राग आला होता, अन् मनातून बरंही वाटलं होतं. बरं वाटलं ते मात्र मी बोललो नाही.

रंगही तुझे घरचेच. बाटल्यांतले रंग यवतमाळहून मागवावे लागायचे, तू म्हणालीस मी करते. गेरू, हळद, काजळ, कपड्यांची नीळ, अन् या सगळ्यात कुटून वस्त्रगाळ केलेला पांढरा खडू. धावड्याचा डिंक भिजवून त्यात खलायचा. मास्तर म्हणाले याला गुआश म्हणतात, पाण्याचाच रंग पण जाड, खालचा कागद झाकून टाकणारा. तू घरभर 'गुआश गुआश' करत फिरलीस. आई म्हणाली, "हे कोन्तं नवीन पिठलं व?"

डिंक आणायचं काम माझं होतं. बाजाराच्या दिवशी जंगलातल्या बाया डिंक घेऊन बसतात, तिथून आणायचा, बस. पहिल्या बाजारी आणला. मग तीन बाजार गेले, मी विसरलो. वच्छे, विसरलो हेही खोटं आहे. शेवटच्या बाजारी आठवलं होतं. पण आश्विनात माझ्यामागे काय असतं ते तुला ठाऊक आहे. कापूस निघायच्या आत सगळ्या तालुक्याला आपापली गाडी दुरुस्त करून हवी असते. छपरीत चाकांची रास, बाहेर लोहाराची भट्टी. मी म्हटलं, पोट्टीचं चित्र कुठे पळून चाललं आहे? तू उरलेला डिंक पुरवून पुरवून वापरलास. शेवटची सात-आठ पानं जवळजवळ पाण्यावरच रंगवलीस. तेव्हा एका शब्दाने बोलली नाहीस. एरवी एवढं तोंड चालायचं तुझं, तेव्हाच काहून गप्प बसलीस? भांडायचं होतंस! डोकं खायचं होतंस माझं!

आणि ते दुसरं. त्याचं तर नावही काढवत नाही.

आई उंबऱ्यात बसून अंबाडीची पानं खुडत होती अन् मी बाजूला भिंतीशी वाकसाने चाकाचा आरा तासत होतो. मान वर केली तर तू समोर निंबाखाली वही घेऊन बसलेली. पाहतो तर कागदावर मी! माझं डोकं भडकलं. आपल्यात म्हणतात ना, जित्या माणसाचं चित्र काढलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. मी तुझ्यावर ओरडलो, "माहं थोबाड काढतं? मले मारतं का? पुस ते आधी!" आईला ते चित्र दिसलं नाही, तिने नुसती माझी बोंब ऐकली. तू वही मिटलीस अन् आत गेलीस. आयुष्य कमी होतं म्हणे. कोणाचं कमी झालं? मी हा असा पन्नाशीचा धडधाकट बसलो आहे, पत्र लिहितो आहे!

मग दिवाळी झाली आणि तुला ताप आला. चीनची लढाई सुरू होती, सगळं दारव्हा रेडिओजवळ, अन् आम्ही दोघं तुझ्या खाटेजवळ. अकरा दिवस. नवव्या दिवशी तू आईचा हात धरून म्हणालीस, "आई, वहीत तू हायस. सांगायचं नव्हतं, पन सांगतो. पुरी झाली का पाह्यजो." अकरा पानं झाली होती. बारावं राहिलं.

तुझं सगळं आटोपून आलो त्या संध्याकाळी आईने ती वही तुझ्या परकरात गुंडाळली अन् पेटीत ठेवली. म्हणाली, "वर्षभर मी पोरीच्या कोन्त्याच वस्तूले हात लावनार नाई. आता पाह्यलं तं मी पागल होईन. वर्ष झालं का पाहीन. त्यात मी हावो म्हने." वर्षभर ती हे एकच वाक्य धरून जगली आहे. शेजारणींना सांगते, माझ्या पोरीनं माझं चित्र काढलं. कसं आहे विचारलं तर म्हणते, अजून पाहिलं नाही, चांगलंच असेल.

मी मात्र पाहिलं. माझ्याने राहवेना. दर रविवारी ती शेतात गेली की मी पेटी उघडायचो. हात धुऊन, पुसून, वही मांडीवर घ्यायचो अन् एकेक पान उलटायचो. आईचं पान पाचवं. फिकट निळ्या लुगड्यातली आई, मागे पांढरी शुभ्र भिंत. मला काढून टाकलं होतंस तू. बरंच केलंस म्हटलं.

पण प्रत्येक रविवारी माझ्या धोतरावर रंगाची भुकटी पडायची, गं! पान उलटलं की पडायची. पहिल्यांदा थोडी, मग जास्त. आज भिंतीचा कोपरा, उद्या गाडीचा धूर. डिंकच नाही तर रंग कशाला धरून राहील? मीच उघडत होतो अन् मीच झाडून टाकत होतो. ठरवायचो की आता उघडायची नाही. पुढच्या रविवारी पुन्हा उघडायचो. ती भुकटी मी एका डबीत भरून ठेवली आहे. तिचं काय करायचं ते कळत नाही. सगळे रंग मिसळून राखेसारखी दिसते.

पोळ्याचा आदला दिवस होता. बैलांचं जू, गाडीची जोखडं, सगळ्यांना जवसाचं तेल चोळत बसलो होतो. तीस वर्षं मी हेच करत आलो. लाकूड सुकायला लागलं, भुसा सुटायला लागला की जवसाचं तेल द्यायचं. लाकूड ते पितं, टणक होतं, पावसा-उन्हात टिकतं. माझ्या आज्याने तेल दिलेली चाकं अजून गावात फिरतात. हातात बोळा होता, तेल होतं, आई निंदणाला गेली होती. माझ्या टाळक्यात आलं, कागद म्हणजे तरी काय, लाकूडच की! आता पोरीचा रंग शंभर वर्षं हलणार नाही. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! पहिल्या पानापासून सुरुवात केली अन् सगळ्यांना हलकेच एकेक हात दिला. बारावं कोरं होतं, त्यालाही दिला. ते कशाला उघडं ठेवायचं म्हटलं!

तेल कागदात मुरलं नव्हतं तोवर रंग झळकत होते. तुझी कपाशी अशी काही उठून आली की मी एकटाच हसलो. मग छपरीसमोरच्या उन्हात वही उघडी ठेवून मी बैल धुवायला गेलो.

परत आलो तर कपाशी नव्हती.

नव्हतीच, वच्छे! बोंडं होती तिथे पिवळट तेलकट कागद. कोजागिरीचा चंद्र नाही. वाटीतलं दूध नाही. छोट्या गाडीचा धूर नाही. पांढरं म्हणून जे काही होतं ते सगळं गेलं अन् पांढरं मिसळलेलं जे होतं ते काळवंडलं. आईचं फिकट लुगडं गडद निळं झालं, तोंड गेरूसारखं तांबडंकाळं. डोळे कुठे, नाक कुठे, काही कळेना. कागद असा झाला की चौथ्या पानातून पाचवं पान दिसायला लागलं.

आणि आईच्या मागची भिंत गेली ना, तिथे मी होतो. पेन्सिलीने काढलेला. वाकस हातात, मान खाली, कानावर पेन्सिल. तू पुसलंच नव्हतंस. वरून नुसतं पांढरं थापलं होतंस. मी तिथेच खाली बसलो. तिथे स्वतःला पाहायचं नव्हतं मला! मला तुझी आई पाहायची होती!

मग जे जे सुचलं ते केलं. टीपकागद लावला. राख भुरभुरली. खडू कुटून वर दाबला, तर हात उचलताना कपाशीची हिरवी पानंही निघून आली. शेवटी वही पोत्यात गुंडाळून तुझ्या मास्तरांकडे नेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "मिस्त्री, खडू तेलात दिसत नाही. तो गेलेला नाही, तिथेच आहे. पण आता दिसणार नाही." मी म्हटलं, "मास्तर, असं बोलू नका. दिसत नाई तं काय कामाचं? काहाडून द्या तेल." ते म्हणाले, तेल निघत नाही. मी त्यांच्या पाया पडलो. ड्रॉइंगमास्तर माझ्या पोराच्या वयाचे आहेत, तरी पडलो. ते बिचारे मागे सरकले अन् रडायला लागले. एक मात्र म्हणाले, चाकावर लोखंडी धाव चढवायचं तुझं चित्र पाहून त्यांनी तुला विचारलं होतं, शरदात एवढा लाल रंग कुठून आणलास? तू म्हणालीस, आमच्या घरी शरदात एवढाच लाल असतो, बाबाच्या छपरीसमोर. हे तू मला का नाही सांगितलंस? गोवऱ्यांच्या आगीत लाल झालेली ती धाव, मी अन् लोहार सांडशीने धरून चाकावर बसवतो, पाणी ओततो, वाफ उठते. तीस वर्षांत मला कधी वाटलं नाही की ते कुणी पाहत असेल.

पोळ्यापासून आजपर्यंत मी तुझ्या आईशी खोटं वागतो आहे. ती म्हणते, "आता थोडेच दिस राह्यले." मी हो म्हणतो. दसऱ्याला तिने वही गुंडाळायला नवं फडकं शिवलं. मी पाहत बसलो. पेटीची किल्ली अडाण नदीच्या डोहात टाकावी असं दोनदा मनात आलं. एकदा तर वाटलं, आपणच जाऊन पडावं. तुझ्यापासून काय लपवू?

ती आली. डोक्यावरची पाटी टेकल्याचा आवाज झाला. पेन्सिल ठेवतो.

*

सांगितलं.

दिवा लावून पुन्हा बसलो आहे. सगळं जसं झालं तसं लिहितो.

तिने हातपाय धुतले, मी म्हटलं, "बस जरा." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं अन् विचारलं, "कोन गेलं?" मी म्हटलं, कोणी नाही गेलं. अन् मग डिंकापासून तेलापर्यंत सगळं सांगून टाकलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालंच नसतं.

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, डोकं आपटेल. ती म्हणाली, "मले काहून नाई इचारलं? एका शब्दानं इचारलं असतं तं मी तुमचा हात धरला असता." मग उठली. उद्यासाठी राखून ठेवलेली पेटी आजच उघडली. परकर सोडला. वही घेऊन तिथेच जमिनीवर बसली अन् पहिल्या पानापासून पाहायला लागली. मी उभाच होतो.

पाचव्या पानावर थांबली. तेलकट कागदावर बोट ठेवून म्हणाली, "हे कोन?"

"मी."

"हे तुमी?" बराच वेळ पाहिलं तिने. "कानावर पेन्सिलबी काहाडली पोरीनं." मग बोट इकडे तिकडे फिरवलं, पान दिव्यासमोर धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. "अन् मी कुठी हावो?"

मी त्या निळ्याकाळ्या डागावर बोट ठेवलं. तिने पान जवळ घेतलं. डागाला हात लावून पाहिला, तेल लागलं का म्हणून बोट चोळून पाहिलं. मी म्हटलं, मार मला, शिव्या दे, काहीतरी कर. ती म्हणाली, "सांगा."

"काय सांगू?"

"तुमी पाह्यलं ना? दर रईवारी पाह्यलं म्हनता. मंग सांगा मी कशी होती."

मी सांगायला लागलो. लुगडं फिकट निळं. पाय उंबऱ्याबाहेर. मांडीवर सूप, सुपात अंबाडी. बांगड्या हिरव्या. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "हासून राह्यली होती का मी?"

वच्छे, मला माहीत नव्हतं!

इतके रविवार ते चित्र मांडीवर घेऊन बसलो अन् तुझ्या आईचं तोंड पाहिलंच नाही. मी फक्त तुझा हात शोधत होतो. ब्रश कुठे टेकवला, कुठे उचलला, कुठे घाई केली. समोर बाई बसली होती, ती हसते का रडते हे नाही पाहिलं. अन् आता पाहायला जागा उरली नाही.

मी म्हटलं, "हो. हासून राह्यली होती."

ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा अशी, मोठ्याने. मग वही छातीशी धरून भिंतीला टेकली, अन् आता झोप लागली आहे तिला. वही तशीच आहे हातात, लुगड्याला तेलाचा डाग पडतो आहे. काढून घ्यायची माझी हिंमत नाही.

खरं सांग, हसत होती का? तू समोर बसून काढलंस, तुला ठाऊक असणार. मी तिला खोटं तर नाही सांगितलं? ती अंबाडी खुडत असताना मी ओरडलो होतो, मग ती हसेल कशी? का त्याच्या आधीच काढून घेतलं होतंस? बोल ना, पोरी! एवढं एक सांग अन् मग पुन्हा कधी काही विचारणार नाही!

नाही बोलणार तू. बरं.

मग माझं ऐक. तुझी वही माझ्याशिवाय कुणीच धड पाहिलेली नाही, मास्तरांनीसुद्धा चार पानं पाहिली. म्हणून उरलेली पानं मी तिला सांगेन, रविवारी एक, आणि सरली की पुन्हा पहिल्यापासून. मला बोलता येत नाही, सगळं गाव जाणतं, तरी सांगेन. जे आठवणार नाही ते आठवत नाही असंच म्हणेन. आजच्यासारखं पुन्हा करणार नाही. आणि या घरात ती एकटी समोर उरली आहे, तिच्या तोंडाकडे नीट पाहत जाईन. हसताना ती कशी दिसते हे पाठ करून ठेवीन, अन् तुझ्याकडे आलो की दारातच तुला सांगेन, म्हणजे तू ते पान पुन्हा काढू शकशील. या वेळी डिंक मी घेऊन येईन.

तुझा,
बाबा